वाढल्या, नग

भट्टी मी रात्री अकराला लावते,
कारण दिवसा आमच्या फिडरवर लाइन येते ती
चपला न काढणाऱ्या पाहुण्यासारखी.
आठशे पाचवर काच नरमते,
कडा गोल होतात, दोन तुकड्यांमधली रेघ मिटते.
मग दुसऱ्या दुपारपर्यंत निवू द्यायचं.
हा सगळा धंदा निवू देण्याचाच आहे.
तापवणं काय, बिल भरलं की होतं.

शनिवारी क्लास.
शटरवर अजून 'खते व बी-बियाणे' आहे,
पावसाळ्यात एखादा विचारत येतोच, युरिया आला का.
पाच बाया, निकहत, आणि उकंडराव ढोमणे,
एसटीचे रिटायर ड्रायव्हर.
त्यांना एक कासव करायचंय, वीतभर,
कुणासाठी ते सांगत नाहीत.
कटर शिलाई मशीनच्या तेलात बुडवायचा,
एकदाच ओढायचा, जोरानं नाही, कानानं.
बारीक चर्रर्र आला की झालं.
त्याच रेघेवरून परत जाऊ नका, म्हणते.
उकंडराव जातातच,
स्टँडात गाडी मागे घेतल्यासारखे,
दर खेपेला थोडी मान बाहेर काढून.

फी चारशे.
गोपिका आत्राम तुरीची डाळ देते, घरची, जात्यावरची.
मी वहीत चारशेच लिहिते,
भाव चढो की उतरो.

अमरावतीच्या हॉटेलानं चाळीस कोस्टर परत केले.
म्हणे बुडबुडे आहेत.
आहेत. मी उन्हात धरून मोजले, एकात अकरा.
आता ते डोंगऱ्याच्या टपरीवर चहाखाली असतात
आणि दारव्हा रोडचा एकही माणूस
चहा उचलून खाली बघत नाही.

निकहतची थाळी बहिणीच्या लग्नासाठी होती.
पाच निळे, शेवटचा तर पार मोरपिशी.
"काहून व ताई, जरासक उघडून पाह्यलं त काय होते?"
शनिवारी विचारलं तिनं.
रविवारी सकाळी सहाला, मी दात घासत असताना,
स्वतःच पाहिलं. अंगठाभर फट.
मीटरवर तीनशे दहा.
आवाज मोठा नव्हता.
अडकित्त्यात सुपारी फुटावी, तेवढाच.

आमचा बाप कासार.
मंगळवारी दारव्हा, शुक्रवारी दिग्रस,
सायकलच्या कॅरिअरवर पेटी, पेटीत सरकीचा कापूस.
रस्ता असा की संध्याकाळी पेटी उघडताना
आई देवाकडे बघायची नाही, बाबाच्या तोंडाकडे बघायची.
तो वहीत 'फुटल्या' कधी लिहायचा नाही.
बांगडी फुटत नसते. वाढते.
'वाढल्या, नग सतरा.'
'वाढल्या, नग नऊ, पैकी हिरव्या सहा.'
मला वाटायचं, रात्री पेटीत खरंच वाढत असतील,
जाड मनगटांच्या बायांसाठी.
एकदा कंदील घेऊन बघायला गेले
आणि कंदिलाच्या धक्क्यानं तीन वाढवल्या.

भट्टीची वही मी त्याच्याच पद्धतीनं आखते.
तारीख, जाडी, रंग, अंश, आणि शेवटचा रकाना.
निकहत समोर उभी, ओढणीनं नाक पुसत.
"फुटली लिहा ना. झूट कायले लिहिता?"
मी लिहिलं ते तिनं उलटं वाचलं,
टेबलाच्या त्या बाजूनं, अक्षर अक्षर लावून.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग भट्टीतले दोन्ही अर्धे एकमेकांना लावून पाहिले,
मोरपिशी बरोब्बर मधून गेला होता.
"नग किती लिहिले?"
एक.
"दोन करा," ती म्हणाली. "दोनच झाले न आता."

केले.

आज रात्री कासव आत आहे.
पाठीवर तेरा तुकडे, चारदा कापलेले,
एक पाय जरा मोठा.
उकंडरावांनी दोनदा फोन केला, उघडली का.
नाही, म्हटलं. उद्या दुपारी.
भट्टीची किल्ली डाळीच्या डब्यात टाकली आहे,
खोल,
म्हणजे मलाही
पहाटे शोधावी लागेल.