अडीच तास

मुंबई ते कुवेत चार तास.
घड्याळात मात्र दीडच:
सहाला सुटलो, साडेसातला उतरलो.
वरचे अडीच कुणाच्या खात्यात गेले
ते कस्टमवाल्यानंही विचारलं नाही.

फहाहीलच्या खोलीत खलफे
आठ वर्षं झाली, घड्याळ मागे घेत नाही.
क्रेनवर भर अडीचला म्हणतो, पाच वाजले,
शमीमची शाळा सुटली.
आणि हात थांबवून खाली बघतो,
ती रस्ता ओलांडेपर्यंत.

त्याच्या घरचं पुडकं दिलं मी.
सोडे.
त्यानं हुंगलं, बोटांवर काहीतरी मोजलं,
म्हणाला, शुक्रवारचं ऊन आहे हे,
साखरतरचं.
उशाशी ठेवलं.
रात्रभर खोलीला वास.
सहा जण आम्ही, कुणी बोललं नाही.