दोन बोटं बुटकी

पाचव्या मजल्यावर, लिफ्टमधून बाहेर आलं की डावीकडे,
पाटी होती: माणसांची बँक.
सरकारी कागदांत नाव याहून लांबलचक,
पण येणारे सगळे नुसतं ‘बँक’ म्हणायचे
आणि म्हणताना आवाज खाली घ्यायचे,
कर्ज मागायला आल्यासारखे.

सेंदाईतले साहेब लोक. चाळिशी केव्हाच ओलांडलेले.
विभागप्रमुख, शाखा मॅनेजर, एक तर संचालकसुद्धा,
ज्यांच्या कंपन्या उठून व्हिएतनामला गेल्या
किंवा नुसत्याच उठून गेल्या.
टायची गाठ घट्ट.
सवयीनं व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी पुढे करायचे
आणि मध्येच थांबायचे.
त्यावर आता फक्त नाव खरं होतं.

मी काउंटर तीन. कान्नो चिहारू.
करार एक वर्षाचा, दर मार्चला नवा.

नोव्हेंबरात ओइकावा सान आले.
एकतीस वर्षं कॅमेऱ्याची शटरं.
‘काय येतं?’ या रकान्यात त्यांनी
पेन्सिलीनं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
तिथला कागद इतका झिजला
की उजेडाला धरला असता तर
रस्त्यापलीकडची केयाकीची झाडं दिसली असती.
“वरच्या साहेबांच्या शिक्क्यासमोर
माझा शिक्का जरासा वाकवून मारता येतो,” म्हणाले.
हसावं की नाही, मला कळेना.
मग म्हणाले, “डोळे मिटून सांगतो,
शटर अडीचशेवर आहे की पाचशेवर.”
मी सहज स्टेपलर दाबला.
“स्प्रिंग ढिली आहे,” डोळे मिटूनच म्हणाले.

संगणकात ‘ऐकू येतं’ असा पर्याय नव्हता.
मी ‘गुणवत्ता नियंत्रण’ निवडलं.
बावीस कंपन्या, बावीस पत्रं,
आणि सगळ्यांच्या शेवटी तेच:
आपल्या उत्कर्षासाठी आम्ही प्रार्थना करतो.
“एवढी प्रार्थना तर माझ्या आईनंही केली नसेल,”
ओइकावा सान म्हणाले
आणि पत्रं वयाप्रमाणे नाही, तारखेप्रमाणे लावून ठेवली.

तेविसावी जागा शिओगामाला, माशाच्या वड्यांचा कारखाना.
अकरा माणसं. पगार निम्म्याहून कमी.
मालकीणबाईंनी फोनवर विचारलं,
“इथं साहेबी नाही ना करणार?”
“नाही,” मी म्हणाले.
त्यांना न विचारता म्हणाले.
ते ‘नाही’ अजून माझ्याच नावावर जमा आहे.

नंतर बँकच बंद झाली.
परिपत्रक दीड पानाचं, आभाराची ओळ शेवटून दुसरी.
त्या मार्चला करार नवा झाला नाही.

एप्रिल. तळमजल्यावरचं साधं रोजगार कार्यालय.
टोकन एकशे सेहेचाळीस.
बाहेर चेरी फुललेली, कुणी बघत नव्हतं.
फॉर्म मला तोंडपाठ,
सतरावा रकाना तर मीच सुचवलेला.
काउंटरपलीकडे शोजी, माझ्याच हाताखाली शिकलेला,
कागदांत मान घालून.

या बाजूची खुर्ची दोन बोटं बुटकी आहे.
चौदा वर्षं समोर बसणाऱ्यांपैकी
कुणी मला हे सांगितलं नाही.
किंवा सांगितलंही असेल,
आवाज खाली घेऊन.

“काय येतं म्हणून लिहू, कान्नो सान?”
शोजीनं स्टेपलर दाबला.
वरून आणलेला, माझाच, तीन नंबरचा.
मी डोळे मिटले.