उसना मी

कुताइसी विद्यापीठ. सभागृहाच्या मागच्या भिंतीला
टेकवून ठेवलेली काचेची खोली. आत एक दिवा, पाण्याची बाटली,
दोन खुर्च्या. दुसरी गोचाची, तो सिगारेट ओढायला गेलाय.
दर अर्ध्या तासानं आम्ही पाळी बदलतो.
आज तो परतलाच नाही.

पाहुणे एस्टोनियाचे. विषय : दीपगृहांच्या नोंदवह्या.
ते इंग्रजीत म्हणतात, मी बेटावर जन्मलो.
अर्धं वाक्य मागे राहून मी म्हणते,
मी बेटावर जन्मलो.
आमच्या भाषेत क्रियापद बाई-बुवा पाहत नाही,
तेव्हा कुणाला खटकत नाही.
गेल्या महिन्यात मी मातीचा अभ्यासक होते,
त्याआधी सतारीसारखं काही वाजवणारा एक तुर्की म्हातारा,
आणि एका चर्चासत्रात तर दोन्ही बाजूंनी भांडले,
स्वतःलाच म्हणाले, महोदय, आपला आकडा चुकतोय.

चाळीसेक माणसं. निम्मी पोरं हजेरीपुरती.
काही जण नंतरच्या वाइनसाठी;
वैद्यकीयच्या मुलांचा गायकवृंद बाहेर जिन्यात गळा तापवतोय.
आणि त्सियाला आजी, पहिल्या रांगेत,
लोकरी टोपीवरूनच हेडफोन चढवून.
मधमाश्या असोत की कररचना, ती असतेच.

पडद्यावर त्यांच्या वडिलांची वही.
वारा वायव्येचा. दृश्यता बरी. तेल दोन मापं.
वारा वायव्येचा. दृश्यता बरी. मुलगा झाला.
वारा पश्चिमेचा. तेल दोन मापं.
आधी इंग्रजी कळणारे हसले,
मग माझे.

मग ते पान उलटतात आणि थांबतात.
पानावर तारीख आहे, पुढे काही नाही.
थांबतात म्हणजे थांबतातच.
गप्प बसण्याचा अनुवाद आम्हाला कुणी शिकवलेला नाही.
चार सेकंद. सात.
सभागृहभर लोक हेडफोनला टिचक्या मारतात,
एक जण बॅटरी काढून बाहीवर घासतो,
कुणी मागे वळून काचेतून खुणावतं : आवाज गेला.
गेलेला नाही. मी माइकपाशी
श्वाससुद्धा जपून घेतेय.

माफ करा, ते म्हणतात.
माफ करा, मी म्हणते.
चाळीस माणसांनी मला
लगेच माफ केलेलं दिसतं.

नंतर हेडफोन मोजून घेणं, ओळखपत्रं परत देणं,
हेही खरं तर गोचाचंच काम.
बाहेर गाणं सुरू झालंय, तीन गळ्यांचे तीन सूर,
एकमेकांना घासत चाललेले.
टेबलावर कागदी पेले, आणि द्राक्षाच्या रसात बुडवून
वाळवलेल्या अक्रोडांच्या माळा.

आजी शेवटची. तिच्या हेडफोनला अजून कानांची ऊब.
तो देता देता माझं मनगट धरते,
पोरी, वडील कधी गेले गं तुझे?

मी तोंड उघडलं
आणि सवयीनं थांबले,
आधी कुणीतरी ते वाक्य बोलेल म्हणून.