चालशे

अर्जात आधी पूर्ण नाव.
हेमांगी प्रतापराव दिघे.
मग अनुभव: नियमपालन आणि नीतिमत्ता
ह्या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेले तास.

तास कसे मोजायचे?
मकरपुऱ्याच्या फॅक्टरीत एकोणीस वर्षं.
त्यात फायलींना पाठी चिकटवल्या ते धरायचे?
इन्स्पेक्टर येणार म्हणून
गोदामासमोरची फरशी दोनदा धुवून घेतली, ते?
आणि मीटिंगमध्ये तोंडातलं बिस्किट विरघळेपर्यंत
गप्प बसले,
ते कुठल्या रकान्यात?

अभ्यासाचं पुस्तक नयनेशने आणून दिलं, झेरॉक्स.
चौथ्या पानावर ठळक अक्षरांत:
ह्या पुस्तकाची प्रत काढणे गुन्हा आहे.
पानही झेरॉक्सच.
हसलो दोघं, पोट दुखेपर्यंत.
रात्री झोप येईना.
मूळ पुस्तक मागवलं, साडेसहा हजार.
घरी सांगितलं, साडेतीन.

मग तीन महिने, भांडी झाल्यावर,
जेवणाच्या टेबलावरचं ऑइलक्लॉथ पुसून
हितसंबंधांचा संघर्ष.
तक्रारदाराचं संरक्षण.
दिवाळीच्या भेटीची मर्यादा.
मुलगा उलट तपासायचा:
'आई, सप्लायरने चांदीचं नाणं दिलं तर?'
'परत करायचं आणि नोंद करायची.'
'आणि काजूकतली?'
त्यावर आम्ही दोघंही कपाटाच्या वरच्या फळीकडे पाहिलं.

परीक्षा अलकापुरीत, साडीच्या दुकानावर, तिसरा मजला.
दारातल्या मुलीने बांगड्या वर सरकवायला लावल्या,
चष्मा उलटा करून पाहिला.
तिच्या मानाने मी किती वर्षांची, तरी
कॉपी करणाऱ्या पोरीसारखी उभी राहिले.

प्रश्न अडतीस.
न मोजताच आकडा लिहिल्याचं
कर्मचाऱ्याच्या लक्षात आलं.
सर्वांत आधी त्याने काय करावं?
अ, ब, क, ड.

चौघांत 'चालशे' नव्हतं.
आमच्या बडोद्याच्या मराठीत तो शब्द घरचाच.
मीठ कमी पडलं, चालशे.
पावणा उपाशी गेला, चालशे.
अमीनसाहेब खांद्यावरून वाकून म्हणाले होते,
'लखी नाखो ने बेन, चालशे.'
साधा, मायाळू माणूस. माझ्या बाळंतपणात
सहा महिने पगार कापू दिला नव्हता त्यांनी.
हे प्रश्नात कुठेच नव्हतं.

'क' दाबलं. पुस्तकात तेच आहे.

पास.
पेढे साहेबांनीच आणवले.
सर्टिफिकेट रिसेप्शनमागे, गणपतीच्या खाली.
सोमाभाई वॉचमनने फ्रेम सरळ केली, विचारलं,
'ह्याने पगार वधशे?'
म्हटलं, बघू.

पहिल्याच सोमवारी फाईल आली टेबलावर:
आठ वर्षं पुरी झालेली रजिस्टरं, नष्ट करण्यास मंजुरी.
'आता सही तुमचीच लागते,' नयनेश म्हणाला,
'तुम्ही क्वालिफाइड.'

सुतळी सोडली. सांडपाणी, पाइप नंबर दोन.
मार्च. चौदा तारीख.
मीटरचा सेल त्या दिवशी संपला होता,
स्टोअरला कुलूप, स्टोअरकीपर लग्नाला.
७.२
माझंच अक्षर.
काय सुरेख काढलाय दोन, शेपटीसकट.
पाणी कुठल्या रंगाचं होतं
ते आठवत नाही. पाहायलाच गेले नव्हते.

चूक दुरुस्त करायची रीत मीच शिकवते नव्या पोरांना:
पांढरी शाई नाही, गिरवणं नाही, पान फाडणं तर नाहीच.
एकच आडवी रेघ,
खालचं वाचता येईल अशी.
सही. आजची तारीख. कारण.

पलीकडे काचेमागे साहेब फोनवर कुणाला तरी
हसून काही सांगत होते.
मंजुरीचा कागद तसाच ठेवला, बिनसहीचा.
पट्टी सापडेना, म्हणून रेघ
हातानेच ओढली, जरा वाकडी गेली.
कारणाच्या जागेत लिहिलं:
मोजलं नव्हतं.