बत्तीस सेंटिमीटर

मार्चपासून मी आकड्यांत झोपायचो.
आठ जीबी की बारा,
किती वॅट, किती पंखे, किती हप्ते.
जुनं कार्ड सहा वर्षांचं,
प्रत्येक लढाईत त्याचा घसा बसायचा.
शत्रू यायचा तो आधी धुकं होऊन,
मग चौकोन, मग माणूस,
आणि त्याचा माणूस होईस्तोवर मी मेलेलो.

सीताबर्डीत दुसऱ्या माळ्यावर
होतचंदानींच्या दुकानात तीन शनिवार
नुसता काचेला नाक लावून उभा राहिलो.
चौथ्या शनिवारी त्यांनी चहा सांगितला.
"मॉनिटर कोणता तुझा?"
सांगितला.
"मग सगळ्यात वरचं कार्ड कशाला?
नळ अर्ध्या इंचाचा
अन् टाकी दहा हजार लिटरची?"
महागडा खोका मागे सारून
त्यांनी मधला पुढे केला.
स्वतःचं नुकसान करणाऱ्या दुकानदारावर
विश्वास बसायला वेळ लागतो.
मी आणखी एक आठवडा लावला.

बाबांना किंमत सांगितली अठरा.
होती एकतीस.
एकतीस हजारांत त्यांचे किती कूलर होतात
हे मला ठाऊक होतं, म्हणूनच.

आणलं त्या दिवशी शेचाळीस डिग्री.
गोळीबार चौकातलं आमचं दुकान,
फुटपाथवर पत्र्याचे उघडे सांगाडे,
ताट्यांना वाळ्याचा ओला वास.
बाबांनी आधी हात पुसले,
मग कार्ड उलटंपालटं केलं,
तीन पंखे मोजले, पात्यावर अंगठा फिरवला.
"पाणी कुठून टाकाचं यात?"
कोरडंच असतं हे, बाबा.
"कोरडा कूलर," ते म्हणाले,
"नागपुरात. अन् अठरा हजार."

कॅबिनेटमध्ये जागा एकोणतीस सेंटिमीटर.
कार्ड बत्तीस.
जगभरचे आकडे पाठ केले,
घरातला एकच मोजायचा राहिला.
"माप घेतल्याबिगर पत्रा आणते का कोणी?"
एवढंच बोलले. कानामागची पेन्सिल काढली,
हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यावर रेघ मारली,
कात्रीनं असा कापला जसा कोणी पापड मोडावा,
आणि कडा घासत बसले अर्धा तास,
माझा हात कापू नये म्हणून.

जुनं कार्ड न्यायला पाचपावलीहून
सम्यक आला, नववीतला, सायकलीवर.
चार हजार, त्यातले सहाशे सुटे.
मी खोट लपवली नाही:
समोरचा माणूस आधी धुक्यासारखा दिसतो यात.
"चालते ना भाऊ," म्हणाला,
"माझ्याकडं तर सध्या गेमच उघडत नाही."
भूगोलाच्या वहीत गुंडाळून
दप्तरात ठेवलं त्यानं.
त्याचे चार गेले नव्या पॉवर सप्लायमध्ये,
वर माझे दोन.
हे बाबांना सांगितलंच नाही.

रात्री दीड.
ओली हवा मशीनला नको
म्हणून खिडकीतला कूलर बंद.
कार्ड ब्याऐंशीवर, खोली छत्तिसावर,
आणि पडद्यावर बर्फ पडतोय,
एकेक कण वेगळा, घाई नसलेला.
बाबा खांद्यावर दुपट्टा घेऊन
मागे येऊन बसले, कधी, कळलं नाही.
मी एका पडक्या गोदामाजवळून धावत होतो.

"मांगं वळ."
शत्रू येतोय, बाबा.
"येऊ दे. तो पत्रा दाखव."

वळलो. भिंतीचा पन्हाळी पत्रा,
खिळ्याखालून गंज उतरलेला,
वर काळपट, खाली नारिंगी,
शेवटी नुसती पुसट ओल.
"असाच उतरते," बाबा पुटपुटले,
"खिळा जुना अन् पत्रा नवा असला, का असाच.
पाह्यलं दिसते यानं. बसून पाह्यलं."
ते खुर्चीवरून पुढे झुकले,
बोट पडद्यापर्यंत नेऊन थांबले.

मला गोळी लागली.
पडदा लाल झाला, मग राखाडी,
गोदाम मात्र तसंच उभं राहिलं थोडा वेळ.

"अठरात नाही होत असं काम," म्हणाले,
आणि उठून कूलर सुरू केला.