दोन दांड्या

मढच्या बंदरावरून होडीचं इंजिन गेलं
तेव्हा तेजलने तिथल्या खांबावर कॅमेरा ठोकला.
घरचं वायफाय सुकटीच्या वलांड्यांपर्यंत जातं,
पुढे दमतं.
मी फोन धरून फिरलो, अंगात आल्यासारखा:
विहिरीपाशी तीन दांड्या,
क्रुसापाशी एक,
पत्र्यांमागे काहीच नाही.
बंदर समोर दिसेल अशी खिडकी एकच,
मोतीरामची.

अकरा वर्षं. दीड फूट भिंतीवरून.

तेजलच गेली. काय बोलली ठाऊक नाही.
धनूबाईने फ्रिजवरची लोणच्याची बरणी सरकवली
आणि आमची डबी तिथे बसली.
खांबावर दोन दांड्या आल्या. पुरतात.

आता झोप नसली की होडी बघतो.
भरती, ओहोटी, दोरावर ढोकरी.

परवा रात्री दोनला चित्र थांबलं,
होडी अर्धी वळलेली, तशीच.
बॅटरी घेऊन अनवाणी धावलो.
होडी होती. इंजिन होतं.
परतताना बघतो तर
गल्लीत दिवे, त्याच्याच घरी अंधार.

हाक मारायला गेलो,
नाव घशात अडकलं, काट्यासारखं.
कडी वाजवली.
"कोण?"
"वायफाय गेलं," मी म्हणालो.
आत बराच वेळ काही नाही.
मग दार.
"फ्यूज उडालाय. बॅटरी इकडे धर."

तो स्टुलावर चढला. पाय थरथरत होते त्याचे.
मी स्टूल धरलं की नाही, आठवत नाही.
फ्रिज घरघरला.
डबीवर आधी लाल, मग नुसतंच पिवळं, लुकलुकत;
आम्ही दोघं तिच्याकडेच बघत राहिलो.