नाकातलं वजन

खोकं उघडलं तेव्हा आत विमान नव्हतं.
थर्माकोलच्या गादीवर निजलेले दोन पंख,
एक शेपूट, एक पोकळ पोट,
आणि वेगळ्या पेटीत, दुपट्यात गुंडाळावं तसं
तांब्याएवढं इंजिन.
"मल्लेशमकाका, याची किंमत विचारू नका."
मी नाही विचारली.
आमचे आठ साचे भंगारात गेले
तेव्हाही किंमत दुसऱ्यानेच सांगितली होती.

शांभवी कलशेट्टी, दातांच्या डॉक्टर, सात रस्ता.
दुपारी दवाखाना बंद झाला की
मागच्या खोलीत, कूलरसमोर, आमचं काम.
बाहेर त्रेचाळीस.
इपॉक्सी कालवलं की पाच मिनिटांचं
दोनच मिनिटांत दगड.
मग वाटीच बर्फात ठेवली,
आमरसाची ठेवतात तशी.

तीस वर्षं जॉबर होतो, अशोक चौकाच्या आत.
टॉवेल. कधी चादर.
चोवीसशे ताण्यातला एक धागा तुटला
तर चालत्या मागावर नजर आपली आपण तिथे जायची.
त्या नजरेला आता एवढंच काम:
पारदर्शक नळी, नळीत रॉकेल,
रॉकेलमध्ये बुडबुडा नको.
मोहरीएवढा जरी गेला तरी आतली ज्योत विझते,
आणि मग वर असते ती
नऊ किलोची वीट.

रॉकेल.
आई रेशनच्या रांगेत
पाच लिटरचा डबा पायाने पुढे सरकवायची.
हातात विड्यांचं सूप, पानं कातरणं चालूच.
इथे एका उड्डाणाला साडेतीन लिटर,
वर शंभराला पाच भाग तेल.
मी मापून ओतलं.
काठावरचा थेंब बोटाने पुसून
पुन्हा डब्यात सोडला.
बाई बघत होत्या. हसल्या नाहीत.

पंखांखाली दोन बोटं लावून उचललं
तर नाक वर, शेपूट खाली.
पुस्तिका म्हणते, नाकात एकशे ऐंशी ग्रॅम शिसं.
शिसं कुठलं?
घरी गेलो, फळीवरून दोन धोटे काढले,
लाकूड फोडून चारी टोकं मोकळी केली.
बायको म्हणाली, "एंदुकू?"
कशासाठी, ते मला तेलुगूतही सांगता आलं नाही.
दवाखान्याच्या काट्यावर एकशे बासष्ट भरली.
उरलेल्या अठरासाठी बाईंनी
दाढ काढायच्या जुन्या चिमट्याची एक मूठ कापून दिली.
आयुष्यभर दोन हातांच्या पन्ह्यात
इकडून तिकडे धावलेलं पोलाद
नाकात चिकटवलं. रात्रभर वाळू दिलं.

बोरामणीच्या माळावर, सकाळी सहाला,
वारा उठायच्या आत.
आधी मी सगळी पट्टी झाडून घेतली.
एक खडा, एक काडी आत ओढली गेली
तर पाती चुरमुरे होतील.
साचा मिनिटाला दीडशे मारायचा,
हे सव्वा लाख फिरतं.
सुरू झालं तसे सगळ्यांनी कान झाकले.
मी नाही झाकले. मला कळलंच नाही.
वरच्या पट्टीतलं सगळं मागाने कधीच नेलंय:
कुकरची शिट्टी, कोकीळ, नातीची किंकाळी.
दिसलं तेवढं सांगतो.
शेपटीमागचं गवत निजलं.
मागची बाभूळ पाण्यात उभी असल्यासारखी हलली.
तळपायातून मात्र काहीतरी
पोटरीपर्यंत चढलं, ओळखीचं.

बाईंचे ओठ हलले: कसा वाटतोय आवाज?
मी नळीकडे बघत होतो.
धागा अखंड.
"सोडा," म्हणालो.

दोनदा उसळलं, मग जमीन सुटली.
वळून माथ्यावरून परत आलं
तेव्हा माना सगळ्यांच्या मागे, पूर्वेला,
जिथून आवाज येत होता तिथे.
विमान तिथे नव्हतं,
केव्हाच पुढे गेलं होतं.
मी बाईंच्या कोपराला हात लावला
आणि बोट दाखवलं:
तिकडे नाही.
पुढे.